सिंहस्थाला जाण्यापूर्वी : आखाडा, मढी आणि पेशव्यांचा निवाडा

कोथरूडच्या एका वाचकांचा येत्या सिंहस्थात चौऱ्याहत्तर वर्षांच्या वडिलांना घेऊन जाण्याचा विचार आहे. त्यांनी विचारले आहे की, नाशिक गाठावे की त्र्यंबकेश्वर. एकाच पर्वाची स्नाने दोन ठिकाणी कशासाठी. हजारो साधूंमध्ये खरा कोण आणि सोंग घेतलेला कोण, हे सामान्य माणसाने कसे ओळखावे. आणि ज्यांनी घरदार सोडले त्यांच्यात ‘पहिले स्नान कोणाचे’ यावरून मानापमान व्हावेत, हे विरक्तीत कसे बसते. पुण्यातून यात्रेकरूंचे आणि अभ्यासकांचे गट सिंहस्थाला नेण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे आणि हे प्रश्न प्रत्येक गटात निघतात. उत्तर मात्र मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो समजला की बाकीचे बरेचसे सोपे होतात.

साधू म्हणजे एकटा, फिरता, कोणाशी देणेघेणे नसलेला माणूस, अशी आपली समजूत असते. कुंभात दिसणारा साधू बहुतेक वेळा तसा नसतो. तो एका आखाड्याचा सदस्य असतो आणि आखाडा ही पदाधिकारी, मालमत्ता, हिशेब, शिस्तभंगाची चौकशी आणि बडतर्फी असलेली संस्था असते. मान्यताप्राप्त आखाडे तेरा आहेत. त्यांपैकी सात शैव संन्याशांचे : जुना, निरंजनी, महानिर्वाणी, अटल, आनंद, आवाहन आणि अग्नी. तीन वैष्णव बैराग्यांचे : दिगंबर, निर्वाणी आणि निर्मोही, त्यांना ‘अनी’ म्हणतात. उरलेले तीन म्हणजे बडा उदासीन, नया उदासीन आणि निर्मल. उदासीन साधू गुरू नानकांचे पुत्र श्रीचंद यांना आपले आचार्य मानतात, तर निर्मलांच्या छावणीत गुरू ग्रंथसाहिबाची स्थापना असते. या तेरांची मिळून अखिल भारतीय आखाडा परिषद आहे. आखाडा ही कायद्याच्या दृष्टीनेही किती ठोस गोष्ट आहे, हे अयोध्येच्या खटल्यात सर्वांनी पाहिले. निर्मोही आखाडा १९५९ पासून त्या प्रकरणात स्वतंत्र वादी होता.

आता मानापमानाचा प्रश्न. १५६७ मध्ये अकबराचा तळ ठाणेसरला, म्हणजे कुरुक्षेत्रापाशी, असताना संन्याशांच्या दोन गटांत त्याच्या डोळ्यांदेखत लढाई झाली, असे अकबरनाम्यात नोंदलेले आहे. भांडण होते ते पर्वकाळात कुंडाच्या काठी कोणी कोठे बसायचे यावरून. बसण्याची जागा म्हणजे दान मिळण्याची जागा. १७९६ च्या हरिद्वार कुंभात गोसावी, म्हणजे शैव संन्यासी, हेच यात्रेचे मालक होते. कर तेच घेत, बंदोबस्त तेच ठेवीत, तंटेही तेच तोडीत. त्या वर्षी त्यांची शीख पथकांशी चकमक होऊन सुमारे पाचशे गोसावी मारले गेले. म्हणजे स्नानाचा क्रम हा केवळ अहंकाराचा विषय कधीच नव्हता. यात्रेवर हुकूम कोणाचा, उत्पन्न कोणाचे आणि पुढच्या कुंभात कोणाचा हक्क गृहीत धरला जाईल, हे त्या क्रमावरून ठरत असे. आज महसूल सरकारचा आहे आणि बंदोबस्त पोलिसांचा, पण क्रम मात्र जुन्या हक्काची निशाणी म्हणून उरला आहे. वारीत दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो आणि तो मोडला तर वारकरीही गप्प बसत नाहीत, हे ज्याने पाहिले आहे त्याला आखाड्यांचा हट्ट फारसा परका वाटणार नाही.

नाशिकचा प्रश्न याच मुद्द्यावर पेशवाईत पेटला. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७८९ च्या सिंहस्थात, शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी यांच्यात आधी स्नान कोणाचे यावरून मोठी लढाई झाली. त्या प्रसंगी बारा हजार संन्यासी पडले, असा पेशव्यांच्या ताम्रपटाचा दाखला दिला जातो. हा आकडा मला स्वतःला फुगवलेला वाटतो, कारण अशा आकड्यांत मेलेल्यांची गणती कमी आणि तक्रारीचा जोर अधिक असतो. पण रक्तपात मोठा झाला याबद्दल शंका नाही. अखेरीस पेशव्यांच्या दरबाराने तोड काढली ती अशी की, वैष्णवांनी नाशिकला रामकुंडात स्नान करावे आणि शैवांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात. उदासीन आणि निर्मल आखाडेही त्र्यंबकेश्वरीच स्नान करतात. प्रयाग, हरिद्वार आणि उज्जैन येथे एकाच तीर्थावर एकामागून एक आखाडे उतरतात. एका पर्वाचे दोन गावांत विभाजन फक्त आपल्याकडे आहे, आणि ते पुण्याच्या राज्यकर्त्यांनी घडवलेले आहे.

विभाजन झाले तरी प्रत्येक ठिकाणच्या आखाड्यांत आपापसांत क्रम असतोच. प्रयागला महानिर्वाणीबरोबर अटल, मग निरंजनीबरोबर आनंद, त्यानंतर जुना आणि त्याच्यासोबत आवाहन व अग्नी, पुढे बैराग्यांच्या तीन अनी आणि शेवटी उदासीन व निर्मल, अशी मांडणी आहे. दुसऱ्या तीर्थांवर ती बदलते. प्रशासन हा क्रम लेखी ठरवून घेते, वेळ मिनिटांत वाटून देते आणि एक आखाडा बाहेर पडून दुसरा आत येईपर्यंत मध्ये मोकळा अवधी ठेवते. त्या अवधीत घाटावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांचे चेहरे एकदा पाहण्यासारखे असतात.

संन्यासी आणि सत्ता यांचा हा संबंध पाहण्यासाठी नाशिकपर्यंतही जावे लागत नाही. पुण्यातच सोमवार पेठेत नागझरीच्या काठी त्रिशुंड गणपतीचे दगडी देऊळ आहे. ते भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये बांधायला घेतले आणि १७७० मध्ये पूर्ण केले. दर्शनी भिंतीवर साखळदंडाने जखडलेला गेंडा आणि त्याच्याजवळ बंदूकधारी गोरे शिपाई कोरलेले आहेत. आत संस्कृत शिलालेखांबरोबर एक फारसी लेखही आहे. तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला आहे आणि तळघरात गोसावी महंताची समाधी आहे. त्या परिसराला गोसावीपुरा म्हणत. हे गोसावी भिक्षेकरी नव्हते, तर सावकार होते. सरदारांना कर्ज देणे आणि हुंड्या वटवणे हा त्यांचा व्यवहार होता. गुरूकडून शिष्याकडे वारसा जात असल्याने भांडवलाच्या वाटण्या होत नसत, आणि तीर्थक्षेत्रांच्या वाटांवर जागोजागी मठ असल्याने पैसा व माल सुरक्षित हलवता येत असे. त्याच परंपरेतल्या काहींनी फौजा उभारल्या. अनूपगिरी ऊर्फ हिंमतबहादूर गोसावी १७६१ मध्ये पानिपतावर अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या बाजूने मराठ्यांविरुद्ध उभा होता आणि पुढे तोच महादजी शिंद्यांच्या आणि नंतर अलीबहादराच्या गोटात दिसतो. मिरवणुकीतल्या तलवारी आणि भाले पाहून ‘साधूंना शस्त्रे कशाला’ असे विचारणाऱ्यांनी आधी या देवळात अर्धा तास घालवावा, असे मी प्रत्येक गटाला सांगतो.

आता खरा साधू आणि खोटा साधू. माझे मत स्पष्ट आहे की, तुम्हाआम्हाला हा प्रश्न सोडवता येणार नाही आणि सोडवण्याची गरजही नाही. साधू स्वतः एकमेकांना असे विचारीत नाहीत. अनोळखी साधू धुनीपाशी आला की त्याला विचारले जाते ते असे : आखाडा कोणता, मढी कोणती, गुरू कोण, गुरूचा गुरू कोण. मढी म्हणजे आखाड्याच्या आतली गुरुपरंपरेची शाखा. अशा बावन्न मढ्या मानल्या जातात. उत्तरे अडखळली तर त्याला पंगतीला जेवू घालतील, पण आसन देणार नाहीत. या पद्धतीतून माणसाचे वैराग्य कळत नाही, त्याची जबाबदारी कोणावर आहे ते कळते, आणि यात्रेकरूला तेवढे पुरेसे आहे. ज्याच्या मागे आखाडा आहे त्याची तक्रार नेता येते. ज्याच्या मागे कोणीच नाही आणि जो रस्त्यात हात धरून तुमचे भविष्य सांगू लागतो, त्याला नमस्कार करून पुढे निघावे.

थोडी नजर सरावली की बरेचसे न विचारताही कळते. आडवे त्रिपुंड्र आणि रुद्राक्ष असतील तर शैव; उभे ऊर्ध्वपुंड्र आणि गळ्यात तुळशीची माळ असेल तर वैष्णव. शैव संन्याशांची नावे दशनामी परंपरेतल्या दहा नामांवर संपतात : गिरी, पुरी, भारती, सरस्वती, वन, अरण्य, तीर्थ, आश्रम, पर्वत आणि सागर. वैष्णवांच्या नावाअखेर बहुधा ‘दास’ येते. संन्यासी ‘ॐ नमो नारायणाय’ म्हणून अभिवादन करतात, बैरागी ‘सीताराम’ म्हणतात. नाव सरस्वती, तीर्थ किंवा आश्रम असून हातात दंड असेल तर तो दंडी संन्यासी. त्याची परंपरा दशनामीच, पण तो आखाड्याच्या रचनेबाहेरचा, मठांशी जोडलेला. आणखी एका घोटाळ्यापासून सावध राहावे. वैष्णवांची ‘दिगंबर अनी’ हे केवळ नाव आहे, तिचे साधू वस्त्रे नेसतात. नग्न नागा पाहायचे असतील तर ते त्र्यंबकेश्वरच्या शैव आखाड्यांत दिसतील, आणि तेसुद्धा मुख्यतः मिरवणुकीच्या दिवशी. एरवी त्यांतले पुष्कळ जण भगव्या कफनीत असतात आणि रेल्वेच्या फलाटावर शेजारी बसले तरी तुम्हाला पत्ता लागत नाही.

नागा होण्याची वाट लांबलचक आहे. आलेल्या तरुणाला आधी सेवेत ठेवून पारखतात. त्यात वर्षे जातात. मग पाच गुरू करून त्याला ‘महापुरुष’ केले जाते आणि भस्म, भगवे वस्त्र, रुद्राक्ष मिळते. पुढचा टप्पा ‘अवधूत’. त्यासाठी कुंभात विरजा होम, म्हणजे संन्यासदीक्षेचा होम, होतो आणि साधक आपल्या पितरांचे आणि स्वतःचेही पिंडदान करतो. कायद्याने जिवंत असलेला माणूस स्वतःचे श्राद्ध उरकून उठतो, हा त्या विधीचा गाभा आहे. शेवटी ‘दिगंबर’ दीक्षा. दीक्षा कोणत्या तीर्थावर झाली त्यावरून ओळख पडते : हरिद्वारचा बर्फानी, उज्जैनचा खुनी आणि नाशिक-त्र्यंबकचा खिचडिया नागा. खुनी या नावाने दचकू नये, ते फक्त उज्जैनचे लेबल आहे.

वैष्णवांकडे नग्नता नाही, पण तपाचा कस कमी नाही. रामानंदी त्यागी साधूंचे धुनीतप पाहावे. वसंतपंचमीपासून गंगा दशहऱ्यापर्यंत, ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी भोवती जळत्या गोवऱ्यांचे ढीग मांडून जप करायचा. पंच, सप्त, द्वादश, चौऱ्याऐंशी, कोट आणि खप्पर असे त्याचे सहा टप्पे आहेत. प्रत्येक तीन वर्षांचा, म्हणजे एकूण अठरा वर्षे. शेवटच्या टप्प्यात निखाऱ्यांचे खापर डोक्यावर असते. सिंहस्थ पावसाळ्यात येत असल्याने नाशिकला हे तप चालू असलेले दिसणार नाही, पण तपोवनातल्या एखाद्या खालशात, म्हणजे वैष्णवांच्या छावणीत, हे करणारा साधू भेटला तर ‘कोणते तप चालू आहे, महाराज’ एवढे विचारावे. तत्त्वज्ञानाच्या प्रश्नांपेक्षा या प्रश्नाला मनापासून उत्तर मिळते.

छावणीत शिरल्यावर काय पाहावे? मधोमध धर्मध्वज असतो. परंपरेने बावन्न हात उंच, आणि चार दिशांना दोरखंडांनी ताणलेला. त्याच्या आसपास इष्टदेवतेचे स्थान असते : जुन्याचे दत्तात्रेय, निरंजनीचे कार्तिकेय, महानिर्वाणीचे कपिलमुनी, अटलचे गणपती, आनंदचे सूर्य, अग्नीची गायत्री. देवतेजवळ भाले उभे असतात आणि त्यांना सूर्यप्रकाश, भैरवप्रकाश, दत्तप्रकाश अशी नावे असतात. पर्वणीच्या दिवशी कुंडात आधी भाला उतरतो. महंत त्याला हातांवर तोलून पाण्यात नेतात, चंदन-फुलांनी पूजतात, आणि त्याचे स्नान झाल्याशिवाय पुढचा माणूस पाण्याला पाय लावीत नाही. ज्यांनी दूरदर्शनवर फक्त धावत येणारे नागा पाहिलेले असतात त्यांच्या नजरेतून नेमका हा क्षण निसटतो.

संध्याकाळच्या आरतीनंतर थांबलात तर आखाड्याचा कारभारही दिसतो. हातात चांदीची छडी घेतलेला कोतवाल उभा राहतो आणि त्या दिवशी कोणी काय अर्पण केले ते मोठ्याने पुकारतो : अमुक महंत, अमुक मढी, इतकी रक्कम. देणगी सर्वांसमक्ष बोलली की ती आखाड्याची झाली. कोठारी भांडाराचा हिशेब ठेवतो, भंडारी स्वयंपाक पाहतो, थानापती ठिकठिकाणच्या मठांची व्यवस्था पाहतो, आणि या सर्वांवर ‘श्रीपंच’ असतात. काही आखाड्यांत आठ श्रीमहंत व आठ उपमहंत मिळून हे मंडळ होते आणि कुंभाच्या काळात ते नव्याने निवडले जाते. आचार्य महामंडलेश्वर हे दीक्षा देणारे सर्वोच्च पद आहे, पण तिजोरी आणि शिस्त श्रीपंचांच्या हाती असते. अलीकडे महामंडलेश्वर या पदवीची जी खैरात चालली आहे ती मला खटकते. रथ, चांदीचे सिंहासन आणि मोठा फलक पाहून कोणाचे मोठेपण ठरवू नये. जुन्या साधूंचेही मत खाजगीत याहून वेगळे नसते.

स्त्रियांबद्दलही गटात नेहमी विचारतात. जुना आखाड्यात ‘माईबाडा’, म्हणजे संन्यासिनींचा विभाग, पूर्वीपासून होता, त्याला २०१३ मध्ये संन्यासिनी आखाडा असे नाव मिळाले. २०१५ मध्ये स्थापन झालेला तृतीयपंथीयांचा किन्नर आखाडा २०१९ पासून जुना आखाड्याबरोबर स्नानाला उतरतो. त्याची गणना तेरांत होत नाही.

त्र्यंबकला जाणाऱ्या मराठी माणसाने आणखी एक परंपरा चुकवू नये, आणि तीही तेरांच्या बाहेरची आहे. नाथपंथी योगी ‘आदेश’ म्हणून अभिवादन करतात आणि सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी जमतात. नागपंचमीच्या सुमारास त्यांची झुंडी, म्हणजे योग्यांचा जथा, पात्रदेवता हे पूज्य पात्र घेऊन पायी निघते आणि महाराष्ट्र-कर्नाटक तुडवीत महाशिवरात्रीच्या सुमारास मंगळूरच्या कद्री मठात पोहोचते. तेथे पुढच्या बारा वर्षांसाठी नव्या राजाला, म्हणजे मठाधिपतीला, गादीवर बसवतात. ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला आणि त्यांच्याकडून तो ज्ञानदेवांना मिळाला, असे आपण मानतो. निवृत्तिनाथांची समाधीही त्र्यंबकातच आहे. आळंदीला वर्षानुवर्षे जाणारी मंडळी त्र्यंबकला जाऊन ती समाधी न पाहता परततात, याचे मला आश्चर्य वाटते.

आता वडिलांना केव्हा आणि कोठे न्यावे. जाहीर वेळापत्रकाप्रमाणे रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर येथे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे. अमृतस्नाने, म्हणजे पूर्वीची शाहीस्नाने, २०२७ मध्ये २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट या दिवशी दोन्हीकडे आहेत. तिसरे नाशिकला ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला. ध्वजावतरण २४ जुलै २०२८ रोजी आहे. अमृतस्नानांच्या चार तारखांना वडिलांना नेऊ नये, असे मी निःसंदिग्धपणे सांगेन. त्या दिवशी वाहने गावाबाहेर दूर थांबवली जातात, बरेच अंतर चालावे लागते, आखाड्यांचे स्नान आटोपेपर्यंत कुंड सामान्यांना बंद असते आणि कुशावर्त हे चारी बाजूंनी पायऱ्यांनी बांधलेले लहानसे कुंड आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या अरुंद रस्त्यांत चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. व्यवस्था तेव्हापासून सुधारली आहे, परंतु गल्ल्यांची रुंदी तीच आहे.

त्यांना न्यावे ते पहिल्या आणि दुसऱ्या अमृतस्नानाच्या मधल्या आठवड्यांत, शनिवार-रविवार आणि श्रावणी सोमवार टाळून. १७ ऑगस्टला श्रावण पौर्णिमा येते, तोही दिवस सोडावा. या काळात सर्व आखाडे छावणीत असतात, साधूंना बोलायला सवड असते आणि पर्वकाळ चालूच असल्याने स्नानाचे पुण्यही तेच मानले जाते. पुण्याहून नारायणगाव, संगमनेर, सिन्नर या रस्त्याने नाशिक सुमारे दोनशे दहा किलोमीटर आहे. तेथे मुक्काम करून पहिल्या दिवशी रामकुंड आणि तपोवन करावे. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून तीसएक किलोमीटरवरचे त्र्यंबक गाठावे. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधायला घेतलेले मंदिर, कुशावर्त आणि निवृत्तिनाथांची समाधी एवढे पायी होते. नीलपर्वतावर जुना आखाड्याचे स्थान आहे, पण तेथे पायऱ्या आहेत, त्यामुळे वडिलांचे गुडघे पाहून ठरवावे. ब्रह्मगिरी त्यांनी चढू नये. त्र्यंबकचा ऑगस्टमधला पाऊस पुण्यासारखा रिमझिमता नसतो. पायऱ्यांवर शेवाळ असते, म्हणून पकड असलेली चप्पल, काठी आणि कपड्यांचा कोरडा जोड जवळ असावा. छावणीत धुनीपाशी जाताना पादत्राणे बाहेर ठेवावीत, भाल्याला किंवा कोणाच्या जटांना हात लावू नये, फोटो विचारून काढावा, आणि दान द्यायचे असेल तर ते वाटेत कोणाच्या हातात न देता आखाड्याच्या कोठारीकडे देऊन पावती घ्यावी.